स्काऊट-गाईड मुलांसाठी चाकू : कोणता घ्यावा, कोणता टाळावा, कायदा काय सांगतो

चिक्कडपल्ली (हैदराबाद) : शिबिराची सूचना घरी येते. सामानाच्या यादीत ताट, वाटी, पेला, अंथरूण, टॉर्च, सुतळी असं सगळं असतं आणि कुठेतरी खाली एक शब्द असतो, ‘चाकू’. बाकीचं सामान आई-वडील एका फेरीत आणतात. इथे मात्र अडतात. घरात सुरी आहे, तीच द्यावी का? नवा घ्यावा तर कसला? दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात चाकू द्यावा तरी का? आणि पोलिसांनी पिशवी तपासली तर?

हे प्रश्न चिक्कडपल्ली, नारायणगुडा, काचीगुडा भागातल्या मराठी घरांना पडतात, तसेच देगलूर, धर्माबाद, उदगीर, बिदर, भालकी, निजामाबाद, आदिलाबादकडच्या घरांनाही पडतात. मुलं शिबिराला राज्याची हद्द ओलांडून जातात. दुकानदाराची भाषा बदलते, पोलीस आयुक्तालयाचे आदेश बदलतात. म्हणून चाकूबद्दलची कामाची माहिती इथे एकत्र दिली आहे.

थोडी पार्श्वभूमी

बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं. त्याच १९०७ साली हैदराबादेत विवेक वर्धिनी ही मराठी माणसांच्या पुढाकाराने उभी राहिलेली शिक्षणसंस्था सुरू झाली. भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये बंगळुरात आलं. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरकडच्या भागात, विवियन बोस यांनी १९१३ च्या सुमारास ते रुजवलं. पुढे हेच बोस सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ ही संस्था झाली.

या संस्थेची पहिली राष्ट्रीय जांबोरी १९५३ मध्ये हैदराबादेतच भरली. तेव्हा नांदेड, बिदर आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. आज तेलंगणातल्या संस्थेचं राज्य कार्यालय चिक्कडपल्लीच्या शेजारी दोमलगुड्यात आहे.

या सगळ्या काळात स्काऊटच्या सामानात चाकू राहिला आहे, तो हत्यार म्हणून नाही, अवजार म्हणून. मराठीत आपण दोन्हींना कधी कधी ‘हत्यार’च म्हणतो. सुताराची हत्यारं, न्हाव्याची हत्यारं. पण मुलाला पहिल्या दिवशी शिकवायचा फरक हाच. अवजाराला काम असतं. ज्या चाकूला काम नाही, तो खिशात असायचं कारण नाही.

आधी चाकूचं काम ठरवा

वाण्याकडे जायच्या आधी आपण यादी करतो, तशी इथेही करावी. साध्या शाळेच्या किंवा तालुक्याच्या शिबिरात चाकूने एवढीच कामं होतात :

– सुतळी, काथ्या, दोरी कापणे. पायोनियरिंगच्या गाठी आणि बांधणीत हेच सगळ्यात जास्त होतं.
– तंबूच्या खुंट्यांना टोक काढणे.
– चूल पेटवायला काडीचे बारीक छिलके काढणे.
– कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू चिरणे.
– पाकीट फोडणे, पेन्सिलीला टोक करणे, प्रथमोपचारात पट्टी कापणे.

यातलं एकही काम करायला तीन इंचांपेक्षा मोठं पातं लागत नाही. बांबू फोडणे, जाड फांदी तोडणे, नारळ सोलणे ही कामं चाकूची नाहीत. ती कोयत्याची, कुऱ्हाडीची, आणि तीही स्काऊट मास्तर किंवा मोठ्या रोव्हर मुलांच्या हातून. मुलं सगळ्यात जास्त जखमी होतात ती लहान चाकूला मोठं काम लावल्यावर. पात्याच्या पाठीवर दगड मारून बांबू चिरायला गेलं की पातं तरी निखळतं, नाही तर बोट तरी जातं.

मूल तयार आहे का?

वय हा एक अंदाज आहे. दहा वर्षांची एखादी मुलगी आजीच्या शेजारी बसून विळीवर गवार नीट चिरते, आणि पंधराचा मुलगा कात्रीसुद्धा टोक पुढे करून देतो. घरात चार गोष्टी पाहाव्यात. सांगितलेली सूचना एकदाच सांगून लक्षात राहते का? राग आल्यावर हातातली वस्तू फेकतो का? काम झाल्यावर वस्तू जागेवर ठेवतो का? आणि चूक झाली तर येऊन सांगतो का? यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. बोट कापलेलं लपवणाऱ्या मुलाला चाकू देऊ नये.

तरी साधारण विभागणी अशी करता येते :

कब आणि बुलबुल (दहा वर्षांच्या आतले) : स्वतःचा चाकू नको. मोठ्यांच्या समोर बसून गोल टोकाच्या छोट्या सुरीने केळं, काकडी चिरावी. एवढं शिक्षण पुरतं.

स्काऊट आणि गाईड, १० ते १३ : छोटा घडीचा चाकू. शिबिरात तो मास्तर किंवा गाईड कॅप्टनकडे जमा असावा, कामापुरता मिळावा.

१३ ते १७ : घडीचा किंवा छोटा म्यानाचा चाकू. धार लावणं, तेल देणं ही जबाबदारी त्याचीच.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. गाईड मुलींनाही हाच नियम. मुलाला चाकू आणि मुलीला फक्त भाजी चिरायची सुरी, अशी विभागणी अनेक घरांत नकळत होते. खुंटी दोघांनाही ठोकायची असते.

घडीचा की म्यानाचा?

बाजारात मुलांच्या कामाचे दोनच प्रकार आहेत.

घडीचा चाकू : पातं मुठीत दुमडतं. खिशात मावतो, बसमध्ये-रेल्वेत बोचत नाही, पाहणाऱ्याला भीती वाटत नाही. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा लाल चाकू हा याचा सगळ्यात ओळखीचा नमुना. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये तो अनेक पात्यांचा चाकू नोंदवला. फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० पासूनचा. त्याच्या मानेवर फिरणारी कडी असते, ती फिरवली की पातं पक्कं बसतं. ही कडी १९५५ मध्ये आली.

घडीच्या चाकूचा धोका एकच : काम करताना पातं उलटं मिटतं आणि बोटांवर येतं. म्हणून पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलासाठी पातं उघडल्यावर लॉक होणारा चाकू बरा. मात्र तो लॉक मुलाला स्वतःला, बोट पात्याच्या वाटेत न आणता सोडता आला पाहिजे. दुकानात दुकानदाराने उघडून दाखवला, यावर समाधान मानू नये. मुलाकडून पाच वेळा उघड-मिट करून घ्यावी.

म्यानाचा चाकू : पातं स्थिर असतं, वर म्यान. मिटण्याचा प्रश्नच नाही, धुवायला सोपा, मजबूत. स्वीडनमधल्या मोरा गावचे साधे चाकू जगभर शिबिरांत वापरतात. शिकवायच्या दृष्टीने अनेक जाणकार हाच प्रकार जास्त सुरक्षित मानतात. अडचण प्रवासाची आहे. कमरेला म्यान लटकवून आरटीसी क्रॉस रोड्सच्या गर्दीत फिरणारा मुलगा कोणालाच आवडणार नाही. म्हणून म्यानाचा चाकू घेतलाच तर तो प्रवासात मोठ्यांच्या सामानात, तळाशी.

वीस कामांचा एक चाकू घ्यावा का? मुलांना तोच हवा असतो. भिंग, कात्री, बाटलीचा ओपनर, टूथपिक. पण पाती वाढली की मूठ जाड होते आणि लहान हातात बसत नाही. एक पातं, एक डबा उघडायचं अवजार, एक पेचकस एवढं पुष्कळ झालं.

पातं कसं असावं

लांबी : ६ ते ८ सेंटिमीटर, म्हणजे अडीच ते तीन इंच. ओळखायची सोपी रीत अशी की पातं मुलाच्या तळहाताच्या रुंदीपेक्षा फार मोठं नसावं.

टोक : पहिल्या चाकूला गोल किंवा बोथट टोक उत्तम. वर सांगितलेल्या कंपन्यांचे मुलांसाठी खास गोल टोकाचे चाकू येतात. ते मिळाले नाहीत तर जाड पाठीचं, कमी टोकदार पातं बघावं. सुईसारखं टोक फक्त भोसकायला लागतं, शिबिरात त्याचं काम नाही.

धार : एकसरळ. करवतीसारखे दाते असलेलं पातं मुलांना भारी वाटतं, पण त्याला घरी धार लावता येत नाही आणि जखम झाली तर फाटकी होते.

पोलाद : दोन जाती. कार्बन पोलाद आपल्या लोहाराच्या कोयत्या-खुरप्यासारखं. धार लवकर लागते, पण ओलावा लागला की गंजतं. चिंच, लिंबू, कैरी कापून तसंच ठेवलं तर काही वेळात काळं पडतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, धार लावायला जरा वेळ घेतं. विसरभोळ्या मुलासाठी, आणि पावसाळी शिबिरासाठी, स्टेनलेसच. मात्र पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ असा छाप असणं म्हणजे दर्जाची हमी नाही. कंपनीचं नाव नाही, पोलादाचा प्रकार लिहिलेला नाही, पातं अंगठ्याने दाबलं तर वाकतं, असा चाकू पाटावरच ठेवून यावा.

मूठ कशी असावी

लोक पात्याकडे बघून चाकू घेतात, पण मुलाचा हात मुठीमुळे वाचतो. मुठीत चारही बोटं मावली पाहिजेत. मोठ्या माणसाच्या मापाची मूठ लहान हातात फिरते. गुळगुळीत चकचकीत स्टीलची मूठ घामाने निसटते, हैदराबादच्या एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. लाकूड, खरखरीत प्लास्टिक किंवा रबर चांगलं. पातं आणि मूठ यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा असेल तर हात पुढे धारेवर सरकत नाही.

मुठीला भोक असावं म्हणजे लॅनयार्ड बांधता येतो. रंग भडक, लाल, पिवळा किंवा केशरी असावा. हिरवा, ‘मिलिटरी’ रंगाचा चाकू गवतात पडला की सापडत नाही, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी पायाला सापडतो.

मूल डावखुरं असेल तर लॉक आणि पातं उघडायची खाच डाव्या हाताने चालते का, हे आधी बघावं.

दुकानात तपासायच्या सहा गोष्टी

१. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळलं तर नको.
२. पातं मिटा. धार पूर्ण आत गेली पाहिजे, टोक बाहेर राहता कामा नये.
३. लॉक असेल तर पातं उघडून पात्याची पाठ लाकडावर हलके दाबा. लॉक सुटला तर नको. हे मोठ्यांनी करावं.
४. कागदाचा कपटा कापून बघा. फाटला तर धार नाही, कापला गेला तर ठीक.
५. रिव्हेट मुठीबरोबर सपाट आहेत का, बोट फिरवून बघा.
६. पावती मागा. वस्तू बदलायला ती लागतेच, आणि वाटेत कोणी विचारलं तर ‘आजच शिबिरासाठी घेतला’ हे सांगायलाही उपयोगी पडते.

खरेदी आणि हिशोब

हैदराबादेत भांड्यांचा घाऊक बाजार बेगम बाजारात आणि हार्डवेअर-अवजारांचा राणीगंजला. चिक्कडपल्लीहून दोन्ही दूर नाहीत. ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानांत परदेशी कंपन्यांचे चाकू मिळतात. सीमेवरून येणाऱ्यांनी भाषेची एक गंमत लक्षात ठेवावी. तेलुगूत ‘कत्ती’ म्हणजे चाकूही आणि तलवारही. नुसतं ‘कत्ती’ मागितलं तर दुकानदार समोर काय ठेवेल सांगता येत नाही. ‘चिन्न चाकू’ म्हणावं, आणि मुलांच्या शिबिरासाठी हवा असं सांगावं.

ऑनलाइन घेताना एक काळजी. फोटोत चाकू कितीही मोठा-छोटा दिसतो. पात्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असेल तरच मागवावा. नावाजलेल्या लाल चाकूच्या नकला भरपूर आहेत. किंमत अविश्वसनीय स्वस्त असेल तर विश्वास ठेवू नये.

पैशाचा हिशोबही मांडून बघावा. शंभर-दीडशेचा जत्रेतला चाकू एका शिबिरात खिळखिळा होतो, दुसऱ्या वर्षी नवा लागतो. पाच वर्षांत पाच चाकू, आणि प्रत्येक वेळी खुळखुळणाऱ्या पात्याची जोखीम वेगळी. एकदाच बरा घेतला तर दहाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत तोच चालतो, मग धाकट्याला जातो. स्काऊटच्या नऊ नियमांत काटकसर आहे. काटकसरीचा अर्थ स्वस्त घेणं असा नाही, टिकणारं घेणं असा आहे.

जिथे ऐपत नाही तिथे प्रत्येक मुलाला चाकू हवाच असंही नाही. सहा-आठ मुलांच्या एका संघात दोन चांगले चाकू पुरतात. शाळेच्या युनिटने ते घेऊन संघनायकाच्या ताब्यात द्यावेत. कोणाकडे महागाचा आणि कोणाकडे काहीच नाही, हा प्रश्नही मिटतो.

कायदा काय सांगतो

हा भाग पालकांनी नीट वाचावा.

शस्त्र अधिनियम १९५९ देशभर लागू आहे. त्याखालच्या नियमांत, आता शस्त्र नियम २०१६ मध्ये, ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सेंटिमीटर) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंटिमीटर) रुंद पात्याचे चाकू, खंजीर, तलवारी वगैरे धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणि शेतातला कोयता गुन्हा ठरत नाही. तीन इंची स्काऊट चाकू या मापाच्या पुष्कळ आत आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. तीन मुद्दे आहेत.

पहिला, खटक्याचे चाकू. बटण दाबलं की पातं उडून उघडतं ते, ‘रामपुरी’ या नावाने ओळखले जाणारे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद पात्याच्या बटणाच्या, गरारीच्या, स्प्रिंगच्या चाकूंवर निर्बंध आहेत. राष्ट्रीय शिबिराला दिल्लीकडे जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हा चाकू मुलाला कुठल्याही राज्यात देऊ नये. जत्रेत, उरुसात तो सहज मिळतो, ‘सगळ्यांकडे आहे’ असं मूल म्हणतं, तरीही नाही. एका हाताने झटक्यात उघडण्याची गरज स्काऊटच्या कुठल्याच कामात नाही.

दुसरा, मनाई आदेश. सण, मिरवणूक, निवडणूक, तणाव अशा वेळी पोलीस जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालच्या आदेशात चाकू आणि लाठ्याही येऊ शकतात. इतर राज्यांतही असे आदेश निघतात. त्या काळात छोटा चाकूही अडचणीचा ठरू शकतो, आणि स्काऊटची काठीसुद्धा. गणेशोत्सवाच्या आसपास शिबिर असेल तर युनिटप्रमुखाने स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र देऊन ठेवावं.

तिसरा, जागा. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. द्यायचाच तर चेक-इन सामानात गुंडाळून. चिक्कडपल्ली मेट्रो स्थानक फेब्रुवारी २०२० पासून सुरू आहे, आणि मेट्रोच्या दारावर पिशवी तपासली जाते. तिथे चाकू अडतो. शिबिराला जाताना मेट्रो टाळून बस-रिक्षा घ्यावी किंवा चाकू स्काऊट मास्तरांच्या ताब्यात आधीच द्यावा.

आणि शाळा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. रविवारी शिबिर संपतं, सोमवारी तीच पिशवी घेऊन मूल शाळेत जातं, चाकू आतच राहतो. मुलाच्या मनात काही नसतं. पण वर्गात चाकू निघाला की गोष्ट मुख्याध्यापक, पालक, कधी पोलीस इथपर्यंत जाते, आणि पोराच्या नावाला डाग लागतो. म्हणून घरी नियम एकच : शिबिराहून आल्याबरोबर, हातपाय धुवायच्या आधी, चाकू आईच्या किंवा बाबांच्या हातात.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक ओळ. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी रास्त कारणाशिवाय फक्त तीन इंचांपर्यंतचा, लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो. अमेरिकेच्या स्काऊट संघटनेत मुलाला चाकू वापरण्याआधी ‘टोटिन चिप’ नावाचं कार्ड मिळवावं लागतं. नियम मोडला की कार्डाचा एक कोपरा कापतात, चारही कोपरे गेले की परवानगी गेली. ही रीत आपल्या युनिटलाही उचलण्यासारखी आहे. पुठ्ठ्याचं कार्ड आणि मास्तरांची सही, खर्च काही नाही.

वापराचे नियम

– बसून वापरायचा, चालताना कधी नाही. पातं उघडं ठेवून चार पावलंही टाकायची नाहीत.
– वापरण्याआधी मिटलेला चाकू हातात धरून हात लांब करायचा आणि आपल्याभोवती गोल फिरवायचा. त्या वर्तुळात दुसरं कोणी असता कामा नये.
– धार नेहमी अंगापासून बाहेरच्या दिशेला. मांडीवर ठेवून काही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते.
– देताना घडीचा असेल तर मिटून, म्यानाचा असेल तर म्यानात. तसं शक्य नसेल तर मूठ समोरच्याकडे. घेणाऱ्याने ‘घेतला’ म्हणायचं, मगच सोडायचा.
– पडणारा चाकू झेलायचा नाही. पडू द्यायचा.
– जमिनीत खुपसायचा नाही. माती धार खाते, आणि खुपसलेला चाकू कोणाच्या तरी पायाखाली येतो.
– जिवंत झाडाच्या सालीवर नाव कोरायचं नाही. निसर्गावर प्रेम आणि सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण, दोन्ही स्काऊटच्या नियमांतच आहे.
– थट्टेतही कोणाकडे रोखायचा नाही. एकदा रोखला की चाकू त्या शिबिरापुरता जमा, दुसरी संधी नाही.

धार आणि निगा

बोथट चाकू सुरक्षित, हा गैरसमज घराघरात आहे. उलट आहे. धार नसली की मूल जोर लावतं, पातं घसरतं आणि बोटावर येतं. म्हणून धार लावणं हा सुरक्षिततेचाच भाग.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा, एक जाडसर आणि एक बारीक, धार लावायचा दगड मिळतो. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. पातं दगडाशी सुमारे २० अंशांत धरावं. कोन कसा कळणार? काटकोन ९० अंशांचा, त्याचा निम्मा ४५, त्याच्याही निम्म्याहून किंचित कमी. दोन्ही बाजूंना सारखे हात फिरवावेत, आधी जाडसर, मग बारीक. धार अंगठ्याने तपासू नये, कागदावर तपासावी.

सायकलवर साण घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे कोयता, विळी द्यायला हरकत नाही. छोटा चाकू मात्र जपून. चाक जोरात फिरलं की ठिणग्या उडतात, पातळ पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही.

वापर झाला की धुवून, पुसून, पूर्ण कोरडा करावा. घडीच्या सांध्यात महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब. भाजी कापायला वापरत असाल तर तेल खाण्याचंच घ्यावं, पण हलका थेंब, नाही तर चिकट होतं. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडं ओलावा धरतं आणि पात्याला गंज चढतो.

हात कापला तर

स्वच्छ कापडाने किंवा पट्टीने सरळ जखमेवर दाबून धरावं, निदान दहा मिनिटं, मध्ये मध्ये उघडून न बघता. हात छातीच्या वर उचलावा. रक्त थांबल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी. हळद, चहापत्ती, चुना, राख यातलं काही भरू नये. डॉक्टरला नंतर तेच काढावं लागतं आणि जखम चिघळते.

जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर टाके आणि तपासणी हवी. रक्त थांबतच नसेल तर दाब न सोडता १०८ ला फोन करावा.

धनुर्वाताचा विसर पडू देऊ नये. सरकारी लसीकरणात १० आणि १६ वर्षांच्या वयाला टीडीची लस आहे, म्हणजे स्काऊट-गाईडचंच वय. शिबिराच्या अर्जासोबत ती तारीख लिहून द्यावी. जखम मातकट असेल आणि शेवटच्या लसीला पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टर पुन्हा एक डोस देतात.

थोडक्यात

घ्यावा : ६ ते ८ सेंटिमीटरचं एकच पातं, गोल किंवा कमी टोकदार, स्टेनलेस, पक्का लॉक, खरखरीत भडक रंगाची मूठ, लॅनयार्डला भोक, पावतीसह.

टाळावा : बटण-स्प्रिंगचा, दोन्ही बाजूंना धार असलेला, दात्यांचा, खंजिरासारखा, नाव-गाव नसलेला, मुलाच्या हातापेक्षा मोठ्या मुठीचा.

विचारावं : शाळा आणि युनिटप्रमुखाची परवानगी आहे का, शिबिराच्या काळात पोलिसांचे आदेश आहेत का, प्रवास कशाने आहे.

शेवटी, चाकू मुलाच्या हातात द्यायचा दिवस पालकांनी स्वतः ठरवावा आणि त्या दिवशी घाई करू नये. जेवणं झाल्यावर ओट्याशी बसावं, एक काकडी त्याला चिरू द्यावी, मग चाकू धुवून, पुसून, मिटून जागेवर ठेवायला सांगावं. काकडी वेडीवाकडी चिरली तरी चालेल. चाकू न सांगता जागेवर गेला, तर सामानाच्या यादीतल्या त्या शब्दापुढे बरोबरची खूण करायला हरकत नाही.